एमएसच्या विद्यार्थ्याला को-ऑपवर घेताना : कोणते काम आधी, कोणते नंतर

अमेरिकेत अभियांत्रिकीचे एमएस किंवा पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला पगारी को-ऑपवर घ्यायचे ठरले की बहुतेक कंपन्या आधी जाहिरात देतात, मग मुलाखती घेतात, निवड करतात आणि विद्यार्थी रुजू होण्याच्या आठवड्यात त्याला काम काय द्यायचे याचा विचार सुरू करतात. कागदपत्रे तर त्याहूनही शेवटी, विद्यार्थ्याचा ‘माझे सीपीटी अजून आलेले नाही’ असा ईमेल आल्यावर आठवतात. (सीपीटी म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्यासाठी मिळणारी परवानगी.) चुका बहुधा निवडीत होत नाहीत, त्या या उलट्या क्रमामुळे होतात. पुढील मार्गदर्शन मुख्यतः लहान आणि मध्यम कंपन्यांतील मॅनेजरांसाठी आहे, कारण मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो आणि लहान कंपनीत सगळे एकाच इंजिनिअरच्या आणि एकाच एचआरच्या गळ्यात पडते.

को-ऑप म्हणजे लांबलेली इंटर्नशिप नव्हे. उन्हाळ्यातील इंटर्नशिप दहा-बारा आठवड्यांची असते, तर को-ऑपमध्ये विद्यार्थी साधारण चार ते आठ महिने वर्ग बाजूला ठेवून पूर्णवेळ काम करतो आणि त्या कामाची नोंद त्याच्या अभ्यासक्रमात होते. त्यामुळे हा व्यवहार दोघांचा नसून तिघांचा असतो : कंपनी, विद्यार्थी आणि विद्यापीठ. विद्यार्थी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल, तर प्रत्येक तारखेला कायद्याचेही वजन येते. एमएसचा अभ्यासक्रम जेमतेम दोन वर्षांचा असल्याने पदवीपूर्व विद्यार्थ्याप्रमाणे त्याला तीन-चार संधी मिळत नाहीत, बहुधा एकच मिळते. कंपनीने ती वाया घालवली तर भरपाईला दुसरे सत्र उरत नाही.

सुरुवात रुजू होण्याच्या तारखेपासून मागे मोजत करावी. जानेवारीत विद्यार्थी हवा असेल, तर कामाची आखणी जुलैअखेर, निर्यात-नियंत्रणाची तपासणी (परदेशी व्यक्तीला कोणती तांत्रिक माहिती दाखवता येत नाही याची छाननी) ऑगस्टमध्ये, जाहिरात सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि ऑफर ऑक्टोबरमध्ये, असा हिशेब ठेवावा. नोव्हेंबर-डिसेंबर हे कागदपत्रांचे महिने समजावेत. त्यात सुट्ट्या येतात आणि विद्यापीठांची कार्यालये नाताळात बंद असतात, हे विसरू नये.

टप्पा १ : आधी काम ठरवा

‘चाचणी विभागाला मदत करणे’ असे लिहिलेले काम हे काम नव्हे, ती केवळ रिकामी खुर्ची आहे. त्याऐवजी पुढील वर्णन पाहावे : ‘सेंट्रिफ्यूगल पंपाच्या टेस्ट बेंचवर सध्या हाताने नोंदली जाणारी दाब, प्रवाह आणि कंपनांची मोजमापे आपोआप नोंदवणारी प्रणाली उभारणे, तिचे आकडे जुन्या पद्धतीच्या आकड्यांशी ताडून पाहणे आणि तंत्रज्ञाला इतर कोणाच्या मदतीशिवाय वापरता येईल अशी कार्यपद्धती लिहून देणे.’ या वाक्यात सुरुवात, कसोटी आणि शेवट तिन्ही आहेत, आणि ते वाचून मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला आपण अर्ज करावा की नाही हे लगेच कळते. पुढे विद्यापीठाला हे काम अभ्यासक्रमाशी संबंधित असल्याचे दाखवावे लागते, तेव्हाही हेच वाक्य उपयोगी पडते.

योग्य प्रकल्प निवडताना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, हे काम कंपनीला खरोखर हवे असावे, पण त्याच्यावाचून कोणाची डिलिव्हरी अडू नये. ग्राहकाला दिलेल्या तारखेवरचे काम को-ऑपच्या विद्यार्थ्यावर टाकले, तर चौथ्या आठवड्यात ते त्याच्या हातातून काढून घेतले जाते आणि उरलेले महिने तो बैठका ऐकत बसतो. दुसरी, काम अर्धवट राहिले तरी त्याचा काहीतरी भाग वापरता यावा. वरील उदाहरणात कंपनांची नोंद जमली नाही, तरी दाब आणि प्रवाहाची प्रणाली कंपनीकडे राहतेच. तिसरी कसोटी म्हणजे कामात एमएसच्या पातळीचा एखादा निर्णय असावा : सॅम्पलिंगचा वेग किती ठेवायचा, मोजमापातील अनिश्चितता कशी मांडायची, कोणते फिल्टर लावायचे. केवळ तारा जोडण्यासाठी एमएसचा विद्यार्थी लागत नाही.

कामाचे आठवड्यांनुसार तुकडे करताना खरेदीला लागणारा वेळ आधी लिहून काढावा. प्रेशर ट्रान्सड्यूसर किंवा डेटा अक्विझिशनचे कार्ड यायला कंपनीच्या खरेदी विभागातून सहज सहा-आठ आठवडे जातात. ऑर्डर विद्यार्थी आल्यावर दिली, तर २४ आठवड्यांच्या को-ऑपमधला पाव ते तिसरा हिस्सा वाट पाहण्यात जातो. म्हणून जे साहित्य निश्चित लागणार आहे ते तो येण्याआधीच मागवून ठेवावे.

तपासणी : कामाचे वर्णन त्या विभागाबाहेरच्या एखाद्या इंजिनिअरला वाचायला द्यावे. ‘हे पूर्ण झाले असे कधी म्हणायचे?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला वर्णनातूनच देता आले नाही, तर ते पुन्हा लिहावे.

टप्पा २ : मार्गदर्शकाचे वेळापत्रक

मार्गदर्शक म्हणून बहुधा विभागातील सर्वांत हुशार माणसाचे नाव सुचते आणि त्याच्याकडेच वेळ सर्वांत कमी असतो. दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेला, स्वतः अलीकडेच शिकलेला इंजिनिअर अनेकदा अधिक चांगला मार्गदर्शक ठरतो, मात्र तांत्रिक निर्णयावर सही करणारा ज्येष्ठ माणूस वेगळा नेमलेला असावा. मार्गदर्शकाच्या कॅलेंडरवर पहिल्या महिन्यात आठवड्याचे पाच-सहा तास आणि नंतर तीन तास आधीच अडवून ठेवावेत, आणि तेवढे काम त्याच्या इतर जबाबदाऱ्यांतून अधिकृतपणे कमी करावे. ‘जमेल तसा वेळ देईन’ याचा अर्थ वेळ मिळणार नाही, असाच घ्यावा.

मार्गदर्शक लांब रजेवर जाणार असेल, तर त्या काळासाठी दुसरे नाव आजच लिहून ठेवावे.

टप्पा ३ : निर्यात-नियंत्रणाची तपासणी, जाहिरातीच्या आधी

हा टप्पा सर्वाधिक कंपन्या वगळतात, आणि त्याला कारणही आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज करताना फॉर्म आय-१२९ मध्ये निर्यात-नियंत्रणाविषयी स्वतंत्र प्रमाणन द्यावे लागते, त्यामुळे तेव्हा कोणीतरी हा प्रश्न विचारतोच. सीपीटीवर येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कंपनीला सरकारकडे असा कोणताच फॉर्म भरावा लागत नाही, म्हणून प्रश्न कोणी विचारत नाही. जबाबदारी मात्र तशीच राहते.

नियम असा आहे की नियंत्रित तंत्रज्ञान किंवा सोर्स कोड अमेरिकेच्या भूमीवरच एखाद्या परदेशी व्यक्तीला दाखवला, तरी ती त्या व्यक्तीच्या देशात केलेली निर्यात मानली जाते. यालाच ‘डीम्ड एक्स्पोर्ट’ म्हणतात. वाणिज्य विभागाच्या ‘ईएआर’ नियमांखाली येणाऱ्या वस्तूंसाठी आपल्या तंत्रज्ञानाचे वर्गीकरण काय आणि विद्यार्थ्याच्या नागरिकत्वाच्या देशासाठी परवाना लागतो का, हे पाहावे लागते. संरक्षणाशी संबंधित ‘आयटार’ नियमांखालील तांत्रिक माहितीसाठी कोणत्याही परदेशी व्यक्तीला परराष्ट्र खात्याची मंजुरी लागते. ड्रॉइंग स्क्रीनवर दिसणे, शेजारच्या टेबलावरची चर्चा कानावर पडणे, सामाईक सर्व्हरवर फोल्डर उघडे असणे, हे सर्व यात येऊ शकते. मंजुरीला महिने लागू शकतात, म्हणून हा प्रश्न ऑफर दिल्यावर विचारून उपयोग नाही.

व्यवहारात बहुतेक लहान कंपन्यांसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रकल्पच असा निवडणे की त्याला नियंत्रित माहिती लागणार नाही, आणि ती माहिती असलेले फोल्डर, प्रयोगशाळा आणि बैठका विद्यार्थ्यापासून वेगळ्या ठेवणे. तसे केल्याची नोंद लेखी असावी.

इशारा : या अडचणीवर उपाय म्हणून जाहिरातीत ‘केवळ अमेरिकी नागरिक’ असे सरसकट लिहू नये. आयटारमध्येही ‘यूएस पर्सन’ या व्याख्येत ग्रीनकार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेल्या व्यक्ती येतात, आणि कायद्याने आवश्यक नसताना नागरिकत्वाची अट घालणे हा भेदभावविरोधी कायद्याचा भंग ठरू शकतो.

टप्पा ४ : विद्यापीठाशी बोलणे आणि जाहिरात

जाहिरात हँडशेक या विद्यार्थ्यांसाठीच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर टाकण्याआधी त्या विद्यापीठाच्या को-ऑप समन्वयकाला एक फोन करावा आणि चार गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात : को-ऑपचे सत्र कोणत्या तारखेला सुरू होऊन कोणत्या तारखेला संपते, विद्यार्थी कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती काळ काम करू शकतो, ऑफर लेटरमध्ये कोणता मजकूर अपेक्षित आहे आणि मूल्यमापनाचे फॉर्म केव्हा भरायचे असतात. प्रत्येक विद्यापीठाचे कॅलेंडर वेगळे असते. एका ठिकाणी को-ऑप जानेवारी ते जून चालते, तर दुसरीकडे ते मे महिन्यातच संपते.

एमएसचा आणि पीएचडीचा विद्यार्थी यांच्यातील फरक येथे लक्षात घ्यावा. एमएसचा विद्यार्थी बहुधा स्वतःच्या पैशाने शिकत असतो आणि त्याला को-ऑपवर यायला फारसे कोणी अडवत नाही. पीएचडीचा विद्यार्थी मात्र प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पावर असतो. तो को-ऑपवर आला की त्याचे विद्यावेतन थांबते आणि अनेक ठिकाणी त्याच्याशी जोडलेली फी-माफी व आरोग्य विमा यांचाही प्रश्न उभा राहतो. त्याच्या प्राध्यापकाची संमती आहे का, हे पहिल्याच संभाषणात विचारणे दोघांच्याही हिताचे असते.

जाहिरातीत ताशी पगाराची कक्षा, कामाचा पत्ता, नेमक्या तारखा आणि स्थलांतराचा खर्च मिळणार की नाही हे स्पष्ट लिहावे. सहा महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात जायचे म्हणजे विद्यार्थ्याला तिथे नवे घर शोधावे लागते आणि विद्यापीठाजवळच्या घराचा करार चालू राहिला तर दोन भाडी भरावी लागतात. चांगले विद्यार्थी ऑफर नाकारतात त्याचे कारण अनेकदा पगार नसून हे भाडे असते.

टप्पा ५ : मुलाखत

अनुभव मोजत बसू नये. एमएसच्या वर्गात थेट पदवीनंतर आलेला विद्यार्थी आणि तीन वर्षे नोकरी करून आलेला इंजिनिअर शेजारी बसतात, आणि बायोडेटा दोघांचाही एकाच साच्याचा असतो. त्यावरील एकच प्रकल्प निवडून त्यात खोल जावे. ‘आम्ही केले’ असे उत्तर आले की ‘त्यात तुम्ही काय केले?’ असे विचारावे. आकडा सांगितला तर तो कशाने मोजला आणि त्यात चूक किती असू शकते, हे विचारावे. एखाद्या साध्या ब्रॅकेटचा फ्री-बॉडी डायग्राम कागदावर काढायला सांगितला, तर पाच मिनिटांत जे कळते ते बायोडेटाच्या दोन पानांतून कळत नाही.

काम करण्याच्या परवानगीबद्दल दोनच प्रश्न पुरेसे आहेत : अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे किंवा मिळू शकते का, आणि आत्ता किंवा पुढे स्पॉन्सरशिप (कंपनीने व्हिसासाठी अर्ज करणे) लागेल का. देश कोणता, पासपोर्ट कोणता, व्हिसा दाखवा, असे प्रश्न मुलाखतीत विचारू नयेत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. एफ-१ विद्यार्थ्याच्या को-ऑपसाठी कंपनीला कोणतीही स्पॉन्सरशिप द्यावी लागत नाही, सरकारी शुल्क भरावे लागत नाही आणि एच-१बीसारख्या लॉटरीचा प्रश्न येत नाही. ‘आम्ही व्हिसा करत नाही’ म्हणून असे अर्ज बाजूला टाकणारा एचआर विभाग चाळणीच्या पहिल्याच फेरीत अर्जांचा मोठा भाग गमावतो.

टप्पा ६ : ऑफर लेटर

निवड झाल्यावर ‘अभिनंदन, लवकरच भेटू’ असे मोघम पत्र पाठवले की ते विद्यापीठाकडून परत येते, आणि तारखा पुढे सरकण्याचे हे नेहमीचे कारण असते. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावे आणि त्यात पदाचे नाव, टप्पा १ मध्ये लिहिलेले कामाचे वर्णन, सुरू होण्याची व संपण्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार, प्रत्यक्ष काम होणार त्या जागेचा पूर्ण पत्ता आणि वरिष्ठाचे नाव व संपर्क असावा. पत्ता मुख्यालयाचा आणि काम कारखान्यात, असे करू नये. काही दिवस घरून काम चालणार असेल तर तेही लिहावे.

तारखांबाबत एक खबरदारी घ्यावी. सीपीटीची अखेरची तारीख अभ्यासक्रमाच्या अखेरच्या तारखेपलीकडे जाऊ शकत नाही. विद्यार्थ्याचे सगळे क्रेडिट संपले आहेत आणि पदवी मे महिन्यात मिळणार आहे, तर जूनमधील काम सीपीटीवर होणार नाही.

पगार ताशी ठेवावा आणि विद्यार्थ्याला ओव्हरटाइमच्या नियमांत बसवावे, म्हणजे आठवड्याला ४० तासांपुढे दीडपट दर. को-ऑपचा विद्यार्थी मासिक पगारावर ‘एक्झेम्ट’, म्हणजे ओव्हरटाइमच्या नियमांतून वगळलेला, म्हणून ठेवता येतो का, यावर वाद घालण्यात कंपनीचा काहीच फायदा नाही. राज्याचा कायदा संघराज्याच्या कायद्यापेक्षा कडक असेल तर तो पाळावा लागतो.

गोपनीयतेचा आणि शोधांच्या मालकीचा करार ऑफरबरोबरच पाठवावा, पहिल्या दिवशी टेबलावर ठेवू नये. थीसिस लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत यात एक कलम हवेच : को-ऑपमधील कोणता डेटा थीसिसमध्ये वापरता येईल, कोणता नाही आणि वापरायचा असल्यास कोणाची लेखी परवानगी किती दिवसांत मिळेल. विद्यापीठातील संशोधनाला बाहेरचा निधी असेल, तर त्या संशोधनाची मालकी आधीच ठरलेली असते. कंपनीचा करार तिच्यावर हक्क सांगू लागला की विद्यार्थी मधल्या मध्ये अडकतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात, कर्मचाऱ्याने स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या साधनांनी लावलेल्या, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या शोधावर कंपनीला हक्क सांगता येत नाही. त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेला नमुना जसाच्या तसा वापरू नये.

टप्पा ७ : सीपीटी, म्हणजे तारखांचा टप्पा

सीपीटीची परवानगी विद्यापीठाचा अधिकृत अधिकारी, म्हणजे डीएसओ, सेव्हिस या सरकारी प्रणालीत नोंदवतो आणि ती विद्यार्थ्याच्या आय-२० (विद्यापीठाने दिलेले, एफ-१ दर्जासाठीचे प्रमाणपत्र) च्या दुसऱ्या पानावर छापली जाते. त्यासाठी वेगळे कार्ड मिळत नाही. परवानगी त्या एका कंपनीसाठी आणि त्या तारखांसाठीच असते; आठवड्याला २० तासांपर्यंतचे काम अर्धवेळ आणि त्यापुढचे पूर्णवेळ मानले जाते. साधारणपणे विद्यार्थ्याने एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकलेले असावे लागते. ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लगेच प्रत्यक्ष काम करणे सक्तीचे असते, त्यांनाच यातून सूट आहे. म्हणून पहिल्या सत्रातील विद्यार्थ्याला ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगण्याआधी त्याने डीएसओला विचारलेले असावे.

अर्ज करणे हे विद्यार्थ्याचे काम आहे, पण त्याला लागणारे पत्र आपल्याकडून जाते. परवानगी मिळायला किती वेळ लागतो ते विद्यापीठानुसार बदलते, म्हणून सही केलेले पत्र आणि रुजू होण्याची तारीख यांच्यात किमान चार आठवडे मोकळे ठेवावेत.

इशारा : आय-२० वरील तारखेआधी एक तासही काम नको. सुरक्षेचे प्रशिक्षण, कंपनीच्या ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ, ‘ओळख व्हावी म्हणून’ घेतलेली प्रकल्पाची बैठक, हे सर्व काम आहे. कराचे फॉर्म भरणे आणि बँकेची माहिती देणे चालते. पगार दिला नाही म्हणून ते काम ठरत नाही, अशी समजूत करून घेऊ नये. विनापरवानगी कामामुळे कंपनीलाही जाब द्यावा लागू शकतो, पण विद्यार्थ्याचा तर देशात राहण्याचा दर्जाच जातो.

याच टप्प्यावर १२ महिन्यांचा हिशेब करावा. एकाच शैक्षणिक पातळीवर पूर्णवेळ सीपीटी एकूण १२ महिने किंवा त्याहून अधिक झाले, तर त्या पातळीवरील ओपीटीचा, म्हणजे पदवीनंतर साधारण वर्षभर काम करण्याच्या परवानगीचा, हक्क संपतो आणि त्याबरोबर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखांना मिळणारी २४ महिन्यांची वाढही जाते. आधीच्या कंपनीतील सीपीटी यात धरले जाते. विद्यार्थ्याने मागील उन्हाळ्यात तीन महिने पूर्णवेळ काम केले असेल आणि आपण आठ महिन्यांची ऑफर देत असाल, तर ११ महिने झाले. एका महिन्याची ‘छोटीशी’ मुदतवाढ त्याला तीन वर्षांना मुकवू शकते. मोजणी करून घेण्याचे काम डीएसओचे आहे, पण मुदतवाढ मागण्याआधी ती झाली आहे का, हे विचारण्याचे काम मॅनेजरचे.

टप्पा ८ : आय-९, सोशल सिक्युरिटी आणि पेरोल

फॉर्म आय-९ (काम करण्याच्या परवानगीच्या पडताळणीचा फॉर्म) चा पहिला भाग विद्यार्थ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत आणि दुसरा भाग कंपनीने त्यानंतरच्या तीन कामकाजी दिवसांत भरायचा असतो. सीपीटीवरील विद्यार्थी सहसा परदेशी पासपोर्ट, आय-९४ ही देशात प्रवेशाची नोंद आणि सीपीटीची नोंद असलेले आय-२० असा संच दाखवतो. परवानगी संपण्याची तारीख म्हणून आय-२० वरील सीपीटीची अखेरची तारीख लिहावी, व्हिसाच्या स्टॅम्पवरील नव्हे. स्टॅम्पची मुदत संपलेली असली तरी देशात असलेल्या विद्यार्थ्याच्या काम करण्यावर त्याचा परिणाम होत नाही, आणि हे माहीत नसल्याने पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला दारातून परत पाठवण्याचे प्रकार घडतात. कोणती कागदपत्रे दाखवायची हे ग्राह्य यादीतून निवडण्याचा हक्क कर्मचाऱ्याचा असतो, कंपनीने ठरावीक कागद मागू नये.

सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) विद्यार्थ्याला काम सुरू होण्याची तारीख ३० दिवसांवर आल्यावरच अर्ज करता येतो, त्यामुळे अनेकदा क्रमांक रुजू झाल्यानंतर येतो. अर्ज केलेला असेल तर तोवर काम थांबवण्याचे कारण नाही. पेरोलच्या सॉफ्टवेअरला मात्र हे आधीच सांगून ठेवावे लागते, नाहीतर पहिला पगार अडकतो.

करकपातीत सर्वांत जास्त चुका होतात. एफ-१ वरील विद्यार्थी सामान्यतः पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत करासाठी अनिवासी मानला जातो आणि अधिकृत सीपीटीच्या पगारावर सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची (निवृत्तिवेतन आणि ज्येष्ठांचा आरोग्य विमा यांसाठीची) कपात होत नाही. ही कपात कर्मचाऱ्याकडून ७.६५ टक्के आणि कंपनीकडून तितकीच असते, म्हणजे चूक झाली तर दोघांचेही पैसे जातात. वर्षाचा एखादा दिवसही पूर्ण वर्ष म्हणून धरला जातो : ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या विद्यार्थ्याची पाच वर्षे २०२८ च्या अखेरीस संपतात. संघराज्याचा आयकर मात्र कापावाच लागतो. अनिवासी व्यक्तीने करकपातीचा फॉर्म डब्ल्यू-४ कसा भरायचा याच्या सूचना आयआरएस या संघराज्याच्या कर विभागाच्या नोटीस १३९२ मध्ये आहेत. भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला दोन देशांतील करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळते, आणि इतर अनिवासींच्या पगारात कपातीसाठी जी जादा रक्कम मिळवावी लागते ती त्याच्या बाबतीत मिळवायची नसते.

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक विद्यार्थ्याला यातली सूट लागू नाही. विद्यार्थी म्हणून त्यांना मिळणारी सवलत स्वतःच्या विद्यापीठात केलेल्या नोकरीपुरती असते.

तपासणी : पहिली पगारपावती विद्यार्थ्यासोबत बसून पाहावी. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या ओळींत आकडा असेल, तर त्याच आठवड्यात दुरुस्त करावा. वर्षअखेरीस विद्यार्थ्याला आयआरएसकडे परताव्यासाठी पाठवणे म्हणजे आपले दोन ओळींचे काम त्याच्या अनेक महिन्यांवर ढकलणे.

टप्पा ९ : पहिले दोन आठवडे

पहिल्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, ईमेल, सर्व्हरची परवानगी आणि सॉफ्टवेअरचे लायसन्स तयार असावे. यातले लायसन्स सर्वांत उशिरा येते, आणि मग विद्यार्थी हुशारी करून विद्यापीठाने दिलेले मॅटलॅब किंवा अ‍ॅन्सिस आपल्या लॅपटॉपवर उघडतो. शैक्षणिक लायसन्सवर कंपनीचे व्यावसायिक काम करणे हा कराराचा भंग आहे, शिवाय कंपनीची फाइल विद्यापीठाच्या खात्यात जाऊन बसते. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे आणि कंपनीचे लायसन्स दोन आठवडे आधी मागवावे.

पहिल्या आठवड्यात वाचायला फाइलींचा ढीग देऊ नये. वरच्या उदाहरणातील विद्यार्थ्याला दुसऱ्याच दिवशी टेस्ट बेंचवर तंत्रज्ञाच्या शेजारी उभे करावे आणि एक पूर्ण चाचणी हाताने नोंदवू द्यावी. गेजची सुई थरथरत असताना तंत्रज्ञ कोणता आकडा लिहितो, पंप स्थिर होण्याची वाट किती वेळ पाहतो, कोणती रीडिंग सोडून देतो, हे कोणत्याही कार्यपद्धतीत लिहिलेले नसते, आणि नवी प्रणाली नेमकी तिथेच फसते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी विद्यार्थ्याने एक पानाचा आराखडा लिहावा : काय करणार, कोणत्या क्रमाने, काय अडू शकते. त्या पानावर मार्गदर्शकाने सही करावी.

प्रयोगशाळेतील सुरक्षेचे प्रशिक्षण यंत्राला हात लावण्याआधी व्हावे. को-ऑपचा विद्यार्थी पगारी कर्मचारी आहे, तेव्हा कामगार नुकसानभरपाईच्या विम्यात त्याची नोंद आहे ना, हेही पाहून घ्यावे.

टप्पा १० : मधला काळ आणि मुदतवाढ

आठवड्यातून एक ठरलेली बैठक पुरते, मात्र ती रद्द होता कामा नये. बहुतेक विद्यार्थी अडलेले सांगत नाहीत. विशेषतः आपल्याकडच्या शिक्षणपद्धतीतून आलेल्या मुलांना वरिष्ठांसमोर ‘मला येत नाही’ म्हणणे जड जाते. ‘सगळे ठीक?’ असे विचारले की ‘हो सर’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘या आठवड्यात सर्वांत जास्त वेळ कशात गेला?’ असे विचारावे.

मध्यावरचे मूल्यमापन विद्यापीठाच्या फॉर्मपुरते ठेवू नये. काम बरोबर चालत नसेल तर ते तेव्हाच, उदाहरणासह सांगावे. अखेरच्या आठवड्यातील टीकेचा कोणालाच उपयोग नसतो. को-ऑप मध्येच थांबवण्याची वेळ आली, तर विद्यार्थ्याला सांगण्यापूर्वी विद्यापीठाच्या समन्वयकाशी बोलावे, कारण विद्यार्थ्याचा देशात राहण्याचा दर्जा आणि त्या सत्राची नोंदणी दोन्ही या तारखेवर अवलंबून असतात.

मुदतवाढ हवी असेल तर अखेरच्या तारखेच्या सहा आठवडे आधी पत्र द्यावे. जुनी परवानगी संपण्यापूर्वी नवे आय-२० हातात आले पाहिजे आणि आय-९ मध्ये त्याची पुन्हा नोंद झाली पाहिजे. मधल्या एका दिवसाचीही फट चालत नाही.

टप्पा ११ : हस्तांतरण आणि नोकरीची ऑफर

शेवटचे तीन आठवडे नवे काम देऊ नये. कार्यपद्धती लिहिणे, कोड कंपनीच्या सर्व्हरवर नीट ठेवणे आणि तंत्रज्ञाने विद्यार्थ्याच्या मदतीशिवाय प्रणाली चालवून पाहणे, एवढ्यातच हा वेळ जातो. विद्यापीठात सादर करायचा अहवाल गोपनीयतेसाठी तपासायचा असेल तर तोही याच काळात तपासावा, विद्यार्थी गेल्यानंतर नव्हे.

इशारा : अखेरच्या तारखेनंतर ‘फक्त एक प्रेझेंटेशन द्या’, ‘कोडमधली ही एक चूक पाहा’ असे ईमेल पाठवू नयेत. विद्यार्थी नकार देणार नाही, कारण त्याला पुढे नोकरी हवी असते, आणि परवानगी नसताना काम करून बसेल. पुढील सत्रात अर्धवेळ काम हवे असेल, तर त्यासाठी नवे सीपीटी लागते.

विद्यार्थी आवडला असेल तर नोकरीचा विषय तो जाण्याआधी काढावा आणि ऑफरची तारीख त्याच्या पदवीनुसार ठरवावी. एफ-१ विद्यार्थ्याला ओपीटीसाठी अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत अर्ज करता येतो आणि कार्ड हातात आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. म्हणून पदवीदान सोमवारी आणि रुजू मंगळवारी अशी ऑफर लिहू नये, काही आठवड्यांची सवड ठेवावी. स्टेम शाखेच्या २४ महिन्यांच्या वाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या कर्मचाऱ्यांची काम करण्याची परवानगी तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेली असावी लागते आणि फॉर्म आय-९८३ मध्ये प्रशिक्षणाचा आराखडा द्यावा लागतो. टप्पा १ मध्ये कामाचे वर्णन लिहिण्याची सवय लागली असेल तर तो फॉर्म अवघड जात नाही.

विद्यार्थी गेल्यावर त्याचा आय-९ फेकू नये. रुजू झाल्यापासून तीन वर्षे किंवा काम संपल्यापासून एक वर्ष, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत तो जपून ठेवावा लागतो. को-ऑपच्या बाबतीत ती बहुधा तीन वर्षांचीच असते.